ऑपरेशन पायांसाठी असतं, कमरेसाठी नव्हे

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का तेही तुम्हाला दिसेल. आई ७१ वर्षांच्या. सदाशिव पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही. बारा वर्षांचा मधुमेह. कंबर तशी बरीच वर्षं दुखते, पण गेल्या आठ महिन्यांपासून चालताना पाय जड होतात, पोटऱ्या भरून येतात आणि मंडईत जाईपर्यंत दोन-तीनदा कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागतं. एमआरआयमध्ये लिहिलंय, ‘एल३-४ आणि एल४-५ ला सिव्हिअर कॅनॉल स्टेनोसिस, एल४-५ ला ग्रेड १ लिस्थेसिस, सर्व चकत्या झिजलेल्या.’ म्हणजे कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी नसांची वाट फार अरुंद, चौथा मणका पाचव्यावर थोडा सरकलेला, आणि मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या. तीन डॉक्टर झाले. एकांनी स्क्रू आणि रॉड घालून तीन मणके जोडायला सांगितले. दुसऱ्यांनी दुर्बिणीतून नस मोकळी करू म्हटलं. तिसरे म्हणाले, आधी एक इंजेक्शन देऊन बघू. त्यात मामांचं म्हणणं, मणक्याच्या ऑपरेशनच्या वाटेला जाऊच नका, त्यांच्या ओळखीतले एक गृहस्थ ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत. आणि तुमचा प्रश्न, यांतलं बरोबर कोण?

मी पुण्यात सव्वीस वर्षं मणक्याची ऑपरेशनं करतोय. तेव्हा हातात हत्यार असलेल्या माणसाचं मत म्हणूनच हे वाचा. शिवाय आईंना मी तपासलेलं नाही. पायातली ताकद, रिफ्लेक्स, पावलांच्या नाड्या यांतलं काहीच मला माहीत नाही, आणि यातलं एखादं उत्तर वेगळं निघालं तर खालचं बरंच काही बदलेल.

तिन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. ही मखलाशी नाही. प्रत्येकाने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, एवढंच. पहिल्यांनी सरकलेला मणका पाहिला, दुसऱ्यांनी दबलेली नस पाहिली, तिसऱ्यांनी वय आणि साखर पाहिली. तुम्ही घरी येऊन तिन्ही चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवल्यात आणि त्या एकाच प्रश्नाची तीन उत्तरं असल्यासारख्या दिसायला लागल्या. म्हणून ‘कोणतं ऑपरेशन’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी ठरवायचं ते असं: आईंचं आज नेमकं काय हिरावलं गेलंय, आणि ते दबलेल्या नसांमुळेच गेलंय का?

तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून मला नसांचाच संशय येतो. कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूने एक बोगदा जातो, त्यातून पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात. वय झालं की समोरून चकती फुगते, मागून मणक्यांना बांधणारं पिवळं लिगामेंट जाड होतं, दोन्ही बाजूंचे सांधे सुजून आत येतात. लक्ष्मी रस्ता काही अरुंद झालेला नाही, पण दोन्ही कडांना गाड्या लागल्या की मधून जायला वाट किती उरते, तसं हे. ताठ उभं राहिलं की ते लिगामेंट चुणी पडून आणखी आत घुसतं. पुढे वाकलं किंवा बसलं की ताणलं जातं आणि वाट थोडी मोकळी होते. त्यामुळे या आजाराची एक ठरलेली गंमत आहे. माणूस दोनशे पावलं चालू शकत नाही, पण सुपरमार्केटमधली ट्रॉली ढकलत अर्धा तास आरामात फिरतो. सायकल चालवतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या हळूहळू का होईना चढतो, कारण चढताना आपण पुढे झुकतो. उतरताना मात्र पाय भरून येतात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे तीन प्रश्न विचारतो आणि बऱ्याचदा फिल्म लावायच्या आधीच निदान कळलेलं असतं. तुम्ही आईंना विचारा, जिना चढताना जास्त त्रास होतो की उतरताना? आणि थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावंच लागतं?

हा दुसरा प्रश्न मी फार महाग किंमत देऊन शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आले होते. चालताना पोटऱ्या दुखत. एमआरआय अगदी पुस्तकात छापावा असा. मी ऑपरेशन केलं, उत्तम झालं, टाके सुरेख भरले, आणि पोटऱ्यांचं दुखणं होतं तिथेच राहिलं. दोन महिन्यांनी एका फिजिशियन मित्राने त्यांच्या पावलांवर बोटं ठेवली तर नाडीच लागेना. पायांच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या. ते गुरुजी थांबले की उभ्या-उभ्याच त्यांना बरं वाटायचं. त्यांनी ते मला सांगितलंही होतं. माझं लक्ष फिल्मवर होतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत ही चूक करायला तर मुळीच जागा नाही. तेव्हा आईंच्या पावलांच्या नाड्या कुणी तपासल्या का, ते आधी पाहा. सोबत खुब्याचा सांधा फिरवून बघायला सांगा, कारण खुब्याची झीज मांडीत आणि गुडघ्यापर्यंत दुखते आणि तिचा दोष कमरेच्या माथी मारला जातो. तिसरी गोष्ट बी१२ जीवनसत्त्व. आई शाकाहारी असतील आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असतील तर बी१२ कमी निघण्याची शक्यता बरीच असते. तळपाय बधिर, चालताना तोल जातो, गादीवर चालल्यासारखं वाटतं, ही लक्षणं त्यानेही येतात आणि साखरेने नसा खराब झाल्यानेही येतात. हे मणका मोकळा करून जात नाही.

आता त्या ‘सिव्हिअर’ शब्दाबद्दल. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर फिल्म बघून लिहितो, आईंना बघून नव्हे. काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे ‘सर्व चकत्या झिजलेल्या’ हे वाक्य सत्तरीतल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये नसतं तरच मी चष्मा पुसून परत वाचलं असतं. आपल्याकडे त्यालाच ‘गॅप आलाय’ म्हणतात. त्या शब्दाने लोकांना जेवढं घाबरवलंय तेवढं झिजेने घाबरवलं नसेल. खरं तर झिजेत मणक्यांमधली जागा कमी होते, गॅप येत नाही, गॅप जातो! कॅनॉल अरुंद असणं ही चकतीच्या झिजेपेक्षा जास्त गांभीर्याने घेण्याची गोष्ट आहे, हे खरं. पण तिथेही फिल्म आणि माणूस यांचा हिशेब जुळतोच असं नाही. फिल्मवर नसांना जराही जागा न दिसणारे काही लोक तळ्यातल्या गणपतीला रोज दोन फेऱ्या मारतात.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की तिथे विचार करत बसायचं नसतं. लघवी अडणं किंवा कळत नसताना होणं, शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागेभोवती बधिरपणा, पाऊल उचलताच न येणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं, अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उतरत जाणारं वजन असेल तर टीबी किंवा गाठ नाही ना, हे आधी बघावं लागतं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून भरपूर आहे. आणि एक गोष्ट जी हमखास राहून जाते, ती म्हणजे मान. ब्लाउजचे हुक लावताना बोटं अडखळतात, निवडताना हातातून तांदूळ निसटतात, चालताना पाय ताठ पडतात असं आईंना होतंय का ते विचारा. कमरेचा कॅनॉल अरुंद असणाऱ्यांपैकी काहींच्या मानेतही तोच प्रकार असतो. मानेत प्रत्यक्ष मज्जारज्जू दाबला जातो आणि तिथे वाट पाहण्याचा खेळ खेळायचा नसतो.

यांतलं काही नसेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. ‘आत्ता केलं नाही तर व्हीलचेअरवर बसाल’ असं तुम्हाला कुणी म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. कमरेचा अरुंद कॅनॉल असलेले बरेच जण वर्षानुवर्षं आहे तसेच राहतात, काही थोडे सुधारतात, काहींचं चालणं हळूहळू कमी होत जातं. एका सकाळी एकदम लुळं पडणं फार क्वचित. म्हणून हे ऑपरेशन बहुतेक वेळा जीव किंवा पाय वाचवण्यासाठी नसतं, चालणं परत मिळवण्यासाठी असतं. त्याची घाई डॉक्टरला नसावी, रुग्णाला असावी.

मामांच्या ओळखीतल्या गृहस्थांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. पण एक शरीररचना सांगतो, त्याने भीती थोडी कमी होते. मेंदूतून येणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खाली असतात त्या सुट्या नसा, घोड्याच्या शेपटीसारख्या. आईंचा दाब आहे तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या आसपास. म्हणजे तिथे काम करताना मज्जारज्जूला हात लागतच नाही. नसेला इजा होऊ शकते, एखादं पाऊल कमजोर होऊ शकतं, ते दुर्मीळ असलं तरी लपवण्यासारखं नाही. पण ‘मणक्याचं ऑपरेशन म्हणजे लकवा’ हे समीकरण मान, पाठ, टीबी, अपघात सगळं एकाच पोत्यात भरून तयार झालेलं आहे.

मग वेळ आहे तर त्यात काय करायचं? पुण्यात ‘फिजिओथेरपी केली, फरक नाही’ म्हणणाऱ्यांना मी विचारतो की काय केलं, तर दहा दिवस शेक आणि मशीनचे चिमटे. त्याला मी प्रयत्न धरत नाही. या आजारात पुढे झुकण्याचे व्यायाम, पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंना बळ, घरात स्थिर सायकल आणि थांबत-थांबत ठरवून चालणं, असं सहा ते आठ आठवडे आठवड्यातून किमान चार-पाच दिवस व्हायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेत १६९ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत ऑपरेशन सांगितलेल्या आणि नीट व्यायाम दिलेल्या गटांची दोन वर्षांनंतरची प्रगती जवळपास सारखी निघाली. पण याच चाचणीत व्यायामाच्या गटातल्या ५७ टक्के लोकांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. व्यायामवाले पहिलं वाक्य सांगतात, सर्जन दुसरं सांगतात. दोन्ही एकाच कागदावर छापलेली आहेत. मी त्याचा अर्थ असा घेतो की प्रामाणिक प्रयत्न केला तर आईंना ऑपरेशन लागणारच नाही अशी बरी शक्यता आहे, आणि लागलं तरी मधला वेळ वाया जात नाही. कमावलेले स्नायू ऑपरेशननंतरही उपयोगी पडतात.

चार चाकांचा वॉकर घ्या, पुढे बास्केट आणि बसायला सीट असलेला. आई ‘म्हातारीसारखं दिसतं’ म्हणतील. माझी आत्या तेच म्हणाली होती. मग तिने त्यात भाजी ठेवायला सुरुवात केली आणि तो ‘भाजीचा गाडा’ झाल्यावर तिची हरकत संपली. ऑपरेशन तिने केलंच नाही. कमरेचा बेल्ट लांब प्रवासात लावायला हरकत नाही, दिवसभर नको.

गोळ्यांनी बोगदा रुंद होत नाही, त्यामुळे त्यांवर मी फार जागा घालवत नाही. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मधुमेहात मूत्रपिंडाला झेपत नाहीत, महिनोन्‌महिने तर नाहीच. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगॅबलिनचा इथे फायदा अगदी तोकडा, आणि त्याने चक्कर येते, पाय सुजतात. तिसऱ्या मजल्यावरून रोज उतरणाऱ्या बाईंना चक्कर आणणारी गोळी देताना माझा हात अडखळतो.

इंजेक्शनबद्दल २०१४ साली ४०० रुग्णांचा चांगला अभ्यास झाला. मणक्यात स्टिरॉइड आणि भूल असं मिश्रण एका गटाला, नुसती भूल दुसऱ्या गटाला. सहा आठवड्यांनी दोघांत सांगण्यासारखा फरक नव्हता. मग मी इंजेक्शन देतच नाही का? देतो. एकाच पायात सणक जात असेल, घरात लग्नकार्य तोंडावर असेल, किंवा ऑपरेशन झेपणारच नाही अशी तब्येत असेल तर. काही आठवड्यांची उसंत मिळते, कधी मिळत नाही. मधुमेहात स्टिरॉइडनंतर चार-आठ दिवस साखर चढते, त्याची तयारी ठेवायची. एकाने काही झालं नाही तर दुसरं, तिसरं घेत राहण्यात मला अर्थ दिसत नाही.

कटिबस्तीचं तुम्ही बिचकत विचारलंय. गरम तेलाने कंबरेचे स्नायू सैल होतात, आईंना बरं वाटत असेल तर खुशाल करा. बधिर जागी तेल किती गरम आहे ते कळत नाही, एवढं सांभाळा. पण झटका देऊन ‘मणका बसवून’ देणारे आणि कागदाच्या पुडीत नाव नसलेलं भस्म देणारे, या दोघांना उंबऱ्याबाहेर ठेवा. सत्तरीतल्या ठिसूळ हाडांना झटका सोसत नाही.

आता ऑपरेशन. तुमचा खरा गोंधळ इथे आहे. ऑपरेशन या एका शब्दात दोन वेगळी कामं येतात. पहिलं, मोकळं करणं: मागच्या हाडाचा थोडा भाग आणि जाड झालेलं लिगामेंट काढून नसांना जागा द्यायची. दुसरं, जोडणं: स्क्रू, रॉड आणि हाडाचा चुरा घालून दोन मणके कायमचे एक करायचे. पाय भरून येणं बरं होतं ते पहिल्या कामाने. दुसरं काम लागतं ते मणका हलत असेल, किंवा मोकळं करता-करता इतकं हाड काढावं लागणार असेल की तो सैल होईल, तेव्हाच.

पूर्वी लिस्थेसिस दिसला की जोडायचाच, असं आम्हाला शिकवलेलं होतं आणि मीही तसे बरेच जोडले. मग २०१६ मध्ये स्वीडनमधल्या २४७ रुग्णांचा अभ्यास आला. निम्म्यांचं नुसतं मोकळं केलं, निम्म्यांचं मोकळं करून जोडलंही. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही जोडलेल्यांचा जास्त फायदा दिसला नाही. गंमत म्हणजे त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात अमेरिकेतला ६६ रुग्णांचा अभ्यास होता, तो जोडण्याच्या बाजूला थोडा झुकत होता. २०२१ मध्ये नॉर्वेतून २६७ रुग्णांचा अभ्यास आला, सगळे तुमच्या आईंसारखेच, म्हणजे झिजेने सरकलेला मणका असलेले. दोन वर्षांनी ठरवलेल्या मापाने सुधारलेले लोक नुसतं मोकळं केलेल्यांत शंभरात ७१, जोडलेल्यांत ७३. पुन्हा ऑपरेशन लागलेले पहिल्या गटात साडेबारा टक्के, दुसऱ्यात नऊ. म्हणजे जोडलं नाही तर परत यावं लागण्याची शक्यता किंचित जास्त, आणि जोडलं तर पहिलंच ऑपरेशन मोठं, रक्त जास्त, खर्च जास्त, धातूभोवती जंतुसंसर्गाची धास्ती जास्त. शिवाय जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या मणक्यावर ताण वाढतो आणि काही वर्षांनी तो कुरकुरायला लागू शकतो.

म्हणून तीन मणके जोडायला सांगणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न नम्रपणे विचारा: उभं राहून, पुढे वाकून आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका किती हलतो? एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर सरकलेला मणका जागेवर बसलेला दिसू शकतो आणि उभं राहिल्यावर पुढे येऊ शकतो. तुम्ही पाठवलेल्या यादीत हे एक्स-रे नाहीत. ते काढल्याशिवाय ‘जोडा’ किंवा ‘जोडू नका’ यांतलं काहीही सांगणं म्हणजे अंदाज. एल४-५ खरोखर हलत असेल, तर तो एक सांधा जोडणं मला पटेल. एल३-४ नुसता अरुंद आहे, सरकलेला नाही, त्याला स्क्रू कशासाठी, याचं उत्तर त्यांच्याकडे असायला हवं. असेलही, पाठीच्या कण्याला बाक आलेला असेल. ऐकून घ्या.

दुर्बीण, मायक्रोस्कोप की उघडं, यावर लोक फार वेळ घालवतात. जखम लहान असली तर रक्त कमी जातं, माणूस लवकर हिंडायला लागतो, हे खरं. पण बारीक छेदातून अर्धवट मोकळी केलेली नस ही मोठ्या छेदातून पूर्ण मोकळी केलेल्या नसेपेक्षा वाईट. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती पद्धत चांगली. वर्षाला अशी किती करता आणि नसांचं आवरण फाटून पाणी गळण्याचे प्रसंग किती येतात, हे विचारायला लाजू नका. ते शंभरात पाच-दहा वेळा होतं, बहुधा शिवून आणि थोडी विश्रांती देऊन भरतं. ‘माझ्याकडे कधीच होत नाही’ असं उत्तर आलं तर मी तरी जपून राहीन.

ऑपरेशन ठरलंच तर त्याआधी तीन गोष्टी. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, साधारण साडेसात-आठच्या खाली आणा, नाहीतर जखम चिघळायची भीती. हाडांची घनता मोजणारी डेक्सा करून घ्या, कारण ठिसूळ हाडात स्क्रू म्हणजे भिजलेल्या भिंतीत खिळा. घनता फार कमी निघाली तर आधी काही महिने हाडांचं औषध द्यावं लागतं. आणि तिसरी गोष्ट आईंना एकांतात विचारा: मिश्री लावता का? या पिढीतल्या कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टर ‘सिगारेट, तंबाखू?’ विचारतो तेव्हा सरळ नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखू नसतेच. अंगात निकोटिन जात असेल तर जोडलेलं हाड नीट भरून येत नाही.

आणि अपेक्षा. पाय जड होणं, पोटऱ्या भरून येणं याला उतार पडण्याची शक्यता चांगली. तळपायांचा बधिरपणा राहू शकतो, साखरेचा असेल तर राहणारच. जुनी कंबरदुखी थोडी कमी होईल, कदाचित होणार नाही. कंबर थांबावी म्हणून हे ऑपरेशन करून घेणारे लोक सर्वांत नाराज होतात, आणि मंडईपर्यंत न टेकता जायचंय म्हणून करून घेणारे सर्वांत खूश. नुसतं मोकळं केलं तर दुसऱ्या दिवशी उभं करतात आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. पण तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे! जिना चढता येतो, पण एकदा चढल्यावर आई पंधरा दिवस खाली येणार नाहीत हे धरून चाला. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर आधी कमोडची खुर्ची आणा. खालच्या मजल्यावर कुणी नातेवाईक असतील तर पहिले दोन आठवडे तिकडे.

पैशांचं थोडक्यात. घरची मेडिक्लेम असेल तर मणक्याच्या आजाराला दोन वर्षं थांबायची अट संपलीय का ते पॉलिसीत पाहा. आईंनी सत्तरी ओलांडलीय, म्हणजे उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मानचं ज्येष्ठांचं कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं. सुचवलेलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी लिहून घ्या. आणि ऐपत नसेल तर धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. पुण्यात अशी रुग्णालयं बरीच आहेत. तिथे मागावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही.

माझ्या आईला हे झालं असतं तर मी काय केलं असतं, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाड्या, बी१२, मान आणि उभे एक्स-रे या आठवड्यात. मग आठ आठवडे खरा व्यायाम, भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक आकडा: न टेकता किती पावलं. आकडा चढत असेल तर चालू ठेवीन. तिथेच अडकला किंवा उतरला, आणि तिला ते सोसवत नसेल, तर दोन्ही जागा मोकळ्या करून घेईन आणि एल४-५ फक्त हलत असेल तरच जोडीन. इंजेक्शनवर अडून राहणार नाही. तीन मणके जोडायला मी तरी सहज तयार होणार नाही.

पण तुमचं लिखाण दोनदा वाचलं. त्यात तुम्ही आहात, मामा आहेत, तीन डॉक्टर आहेत. आई काय म्हणतात ते एका ओळीतही नाही. माझ्याकडे दोन बायका एकाच महिन्यात आल्या होत्या, फिल्म जवळजवळ सारख्या. एकीला आळंदीहून पालखीबरोबर निदान पुण्यापर्यंत तरी चालायचं होतं, तिने ऑपरेशन केलं. दुसरी म्हणाली, मला देवघर ते गॅलरी एवढं पुरतं, गॅलरीतून सगळी पेठ दिसते. तिला मी वॉकर आणि व्यायाम दिले. दोघींच्या बाबतीत मी चुकलो असं मला वाटत नाही. तेव्हा आईंना विचारा, कुठपर्यंत जायचंय. त्यांचं उत्तर आणि ते उभे एक्स-रे आले की कळवा, जोडायचं की नाही ते मग बघू.